बाळाचे वजन आणि मातेचा चेहरा

सहा-सात महिन्यांचे बालक घेऊन आजी चिकित्सालयात येते. 'दूध अंगी लागत नाही' ही तिची तक्रार असते. बाळाची आई मागे उभी असते आणि प्रश्नांची उत्तरे आजीच देते. आपण अग्निमांद्य, कृमी, स्तन्यदुष्टी या क्रमाने विचार करून औषधयोजना करतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने अशाच एका बालिकेस दोन महिने दीपन-पाचन आणि अरविंदासव दिले. वजन जेमतेम वाढले. तिसऱ्या खेपेस आजी आजारी असल्याने आई एकटीच आली. पंधरा मिनिटे बाळ मांडीवर होते, परंतु त्या मातेने एकदाही त्याच्याकडे पाहिले नाही. बाळही तिच्याकडे पाहत नव्हते, भिंतीकडे पाहत होते. दोन महिने हे आपल्या दृष्टीस कसे पडले नाही, या विचारातून पुढे जे वाचन झाले, त्यातील काही भाग व्यवसायबंधू-भगिनींसमोर ठेवीत आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७५ साली एक साधा प्रयोग विद्वत्सभेत मांडला आणि १९७८ साली तो सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. काही महिन्यांच्या बालकास समोर बसवून माता प्रथम नेहमीप्रमाणे त्याच्याशी खेळते. नंतर दोन-तीन मिनिटे ती त्याच्याकडे पाहते खरी, परंतु चेहरा निश्चल ठेवते. हसत नाही, बोलत नाही, स्पर्श करीत नाही. बालक प्रथम हसून पाहते, आवाज काढते, हात पुढे करते. प्रतिसाद मिळत नाही असे दिसताच ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि अखेरीस मान व शरीर वळवून स्वतःतच मिटते. माता पुन्हा हसू लागली तरी ते लगेच पूर्ववत होत नाही. काही काळ साशंक राहते. भूक नाही, वेदना नाही, माता समोरच आहे, तरीही हा परिणाम होतो. स्तनपान करणारे अर्भक केवळ दूध घेत नसून मातेच्या मुखावरील भावही घेत असते, असे यावरून म्हणावे लागते.

तथापि याचा विपरीत अर्थ घेऊन सूतिकेस धाक घालू नये. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणानुसार निरोगी माता व बालक यांचे भाव एकमेकांशी जुळलेले असतात ते सुमारे ३० टक्के काळच. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवणी यांतच जातो. बालक जे शिकते ते या जुळवणीतून. थकलेली माता घटकाभर गप्प बसली म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते जुळवणीच थांबली म्हणजे, आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यात नेमके तेच घडू शकते.

येथे बालकाच्या लिंगाचाही विचार येतो. सहा महिन्यांच्या ८१ बालकांवर हाच प्रयोग करून वाइनबर्ग, ट्रॉनिक प्रभृतींनी १९९९ साली असे नोंदविले की मुलगे अधिक कुरकुर व रडारड करतात, तर मुली आजूबाजूच्या वस्तूंकडे अधिक लक्ष देतात. हा फरक सरासरीचा आहे. एखाद्या बालकावर तो लादता येणार नाही. परंतु रडणाऱ्या बाळाकडे घरचे धावतात आणि न रडणाऱ्याला 'गुणी' म्हणून सोडून देतात, हे आपण नित्य पाहतो. फार शांत बाळ ही नेहमीच आनंदाची वार्ता नसते.

आता आपल्या शेजारच्या गोव्यातील अभ्यास पाहू. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २७० गर्भिणींपासून आरंभ केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गर्भावस्थेतच मानसिक त्रास होता, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. दारिद्र्य व पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे होती. जन्मलेले अपत्य मुलगी की मुलगा, यावरही नैराश्याचा संभव अवलंबून होता. या स्त्रिया आरोग्यसेवेकडे इतर मातांपेक्षा अधिक वेळा येत होत्या, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे त्या आपल्यापर्यंत पोचतात. आपण त्यांना ओळखत नाही.

२००३ साली त्याच चमूने १७१ बालकांची वाढ पाहिली. सहा महिन्यांच्या वयात निराश मातांच्या बालकांपैकी ३० टक्के कमी वजनाची होती, इतर मातांच्या बालकांत हे प्रमाण १२ टक्के होते. उंची कमी असण्याचे प्रमाण अनुक्रमे २५ व ८ टक्के होते. उपासमार आणि नैराश्य एकाच घरात नांदतात, म्हणून ही तुलना जपूनच करावी लागते. परंतु इतर कारणे गणिताने वेगळी करूनही हा संबंध टिकला.

आपल्या संहितांना हे अपरिचित नाही. सुश्रुतांनी शारीरस्थानात क्रोध, शोक व अवात्सल्य ही स्तन्यनाशाची कारणे सांगितली असून, स्तन्यवृद्धीसाठी मातेच्या मनाची प्रसन्नता आहारद्रव्यांच्या आधी ठेविली आहे. आपण शतावरी ध्यानात ठेविली आणि सौमनस्य विसरलो, असे खेदाने म्हणावेसे वाटते.

चिकित्सालयात करावयाचे ते फार थोडे आहे. बालकाचे वजन घेताना मातेशी दोन मिनिटे एकांतात बोलावे. सासू वा आई समोर असताना खरे उत्तर मिळत नाही. बाळ झोपले असतानाही तुम्हाला झोप लागते का, बाळाला घ्यावेसे वाटते का, हे विचारावे. एडिंबरो येथे कॉक्स व सहकाऱ्यांनी १९८७ साली तयार केलेली दहा प्रश्नांची प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते. तिचा दहावा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आल्यास, किंवा भ्रम, असंबद्ध बोलणे, अनेक रात्री झोप नसणे अशी लक्षणे दिसल्यास काढ्या-कल्पांवर वेळ न घालविता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून चालू असलेली शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. औषधविक्रेत्या बंधूंनी हा क्रमांक बाळंतकाढा व शतावरी कल्प ठेवलेल्या फळीजवळ लावावा, अशी विनंती आहे. ती बाई दवाखान्यात येईलच असे नाही, दुकानात मात्र कोणीतरी येतेच.

आरंभी सांगितलेल्या मातेस 'झोप लागते का' एवढेच विचारले, आणि ती बराच वेळ रडली. ती तिची दुसरी मुलगी होती. तिला तज्ज्ञांकडे पाठविले; ती दोन वेळा गेली आणि नंतर घरच्यांनी बंद केले. पुढे बाळाचे वजन वाढले. अरविंदासवाने वाढले असे आजीचे मत आहे.