तारकेचा शोध : संगणकीय शब्दसूचीतील एक पेच

ऐतिहासिक भाषाशास्त्रात तारकाचिन्हाला निश्चित अर्थ आहे. जे रूप कोणत्याही लेखी साधनात आढळत नाही, केवळ तुलनेने सिद्ध केलेले असते, त्याच्या आधी तारका घालतात. संस्कृत ‘अश्व’ आणि लॅटिन ‘इक्वुस’ यांच्यामागे कल्पिलेले ‘*एक्वोस’ हे रूप या प्रकारचे होय. संशयित वाचनापुढे प्रश्नचिन्ह देणे आणि संपादकाने भरून काढलेली अक्षरे चौकटी कंसात घालणे, हे संकेतही कोरीव लेखांच्या संपादनात परिचित आहेत.

अशी शब्दसूची मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेटाबेसमध्ये ठेवली म्हणजे एक अडचण उपस्थित होते. समजा, सूचीतील कल्पित रूपे तेवढी वेगळी काढावयाची आहेत. अभ्यासक ‘लाइक’ या तुलनापदापुढे ‘*’ लिहितो, आणि मजकूर असलेली प्रत्येक नोंद समोर येते. कारण उघड आहे. ॲक्सेसच्या नेहमीच्या पद्धतीत ‘*’ म्हणजे कितीही अक्षरे, ‘?’ म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि ‘#’ म्हणजे कोणताही एक अंक. चौकटी कंसात त्या जागी चालू शकणाऱ्या अक्षरांचा संच देतात.

या शेवटच्या नियमातच उपाय आहे. कंसात ठेवलेली तारका केवळ तारकाच राहते. म्हणून ‘[*]*’ असे लिहिले असता तारकेने आरंभ होणाऱ्या नोंदी मिळतात, ‘*[?]*’ याने प्रश्नचिन्ह असलेल्या, तर ‘*[[]*’ याने उघडणारा कंस असलेल्या नोंदी हाती येतात. मिटणाऱ्या कंसाला मात्र असे वेष्टन लागत नाही, त्यासाठी ‘*]*’ पुरेसे होते.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्याच डेटाबेसला अन्सी-९२ ही पद्धत लावली असेल, तर ‘*’ व ‘?’ यांची कामे अनुक्रमे ‘%’ व ‘_’ ही चिन्हे करतात. तेथे ‘[*]*’ या सूत्राला फक्त दोन तारकांचीच नोंद जुळते; योग्य सूत्र ‘*%’ हे होय. पहिल्या प्रकारची चूक फाजील नोंदींमुळे लगेच ध्यानात येते. या दुसऱ्या चुकीत यादी रिकामी येते, आणि ‘सूचीत कल्पित रूप एकही नाही’ असा निष्कर्ष प्रबंधात जाऊन बसण्याचा धोका असतो.

पडताळा घेणे सोपे आहे. ‘इनस्ट्र’ हे फंक्शन चिन्हांना विशेष अर्थ देत नाही. दिलेले चिन्ह मजकुरात कितव्या स्थानी आहे, एवढेच ते सांगते. तारकेसाठी हे स्थान १ येणाऱ्या नोंदींची संख्या आणि ‘लाइक’ने मिळालेली संख्या जुळली पाहिजे. असा पडताळा झाल्यावाचून शोधात काही न मिळणे हा अभावाचा पुरावा मानता येत नाही.