वारा आणि उड्डाणाचा निर्णय

‘वारा पाहून पाठ द्यावी’ हे व्यवहारातील शहाणपण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यानपिढ्या आहे. रानातून परतणारा वाटसरू धुळीच्या लोटाला पाठ देऊन उभा राहतो, ते योग्यच होय. विमानाला मात्र हे शहाणपण मानवत नाही. ज्याला आकाशात चढावयाचे आहे, त्याने वाऱ्याला तोंड दिले पाहिजे, हा उड्डाणशास्त्राचा पहिला धडा आहे.

आपल्या सीमाभागाला विमान नवे नाही. बीदरच्या तळावर भारतीय वायुदलाचे तरुण वैमानिक शिक्षण घेत आले आहेत. ‘सूर्यकिरण’ हे कसरतपथक १९९६ साली तेथेच उभे राहिले. कलबुर्गीच्या विमानतळाचे उद्घाटन २२ नोव्हेंबर २०१९ रोजी झाले, आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी बीदरहून नागरी विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद येथील माणसांच्याही कानी ‘हवामानामुळे उड्डाणास विलंब’ हे शब्द पडू लागले. ऐकणारा त्रासतो. त्या विलंबामागे कोणता विचार असतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

विमानाला उचलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. जमिनीवरील वेग किती, यापेक्षा हवेच्या तुलनेतील वेग किती, हे निर्णायक असते. पतंग उडविणारे पोर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावते, त्याचे कारण हेच. समजा, एखाद्या विमानाला जमीन सोडण्यासाठी हवेच्या तुलनेत १४० नॉट वेग हवा आहे. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. समोरून २० नॉटांचा वारा असेल, तर जमिनीवर १२० नॉटच पुरतात. पाठीमागून १० नॉटांचा वारा असेल, तर मात्र १५० लागतात. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून पहिल्या स्थितीत ते सुमारे चौथाईने घटते, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. अनेक प्रवासी विमानांना पाठीच्या वाऱ्याची मर्यादा १० नॉट एवढीच असते, ती यामुळे.

कलबुर्गीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांना ०९ व २७ असे अंक आहेत; ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व दिशा, आणि २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम दिशा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून धावणे सोयीचे. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून आला की दिशा उलटते. धावपट्टीशेजारी खांबावर फडफडणारी कापडी नळी आणि नियंत्रण-मनोऱ्यातून मिळणारी वाऱ्याची दिशा व गती, यांवरून कोणते टोक वापरावयाचे ते ठरते.

वारा नेमका समोरून क्वचितच येतो. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून तो आला, तर त्याच्या गतीचा निम्मा भाग आडवा लागतो. हा आडवा जोर विमानाला पट्टीच्या मध्यरेषेवरून ढकलू पाहतो. प्रत्येक विमानासाठी त्याची मर्यादा ठरलेली असते, आणि पट्टी ओली असल्यास ती आणखी खाली येते.

वाऱ्याच्या जोडीला आपल्याकडे उन्हाळाही आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि धाव लांबते. म्हणून वजन, तापमान, पट्टीची लांबी व वारा यांचा हिशेब वैमानिक आधीच मांडतो आणि त्यातून एक ‘निर्णय-वेग’ काढतो. त्या वेगाआधी बिघाड जाणवला तर थांबता येते. त्यानंतर उड्डाणच करावे लागते. दरम्यान वारा फिरला, तर हिशेब पुन्हा तपासावा लागतो.

सर्वांत घातक असतो तो वळवाचा वारा. मेघगर्जनेसह येणाऱ्या ढगातून थंड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. अशा वेळी चढत्या विमानाला आधी समोरचा वारा मिळतो आणि सारे अनुकूल भासते. पुढल्याच काही क्षणांत हवा त्याला खाली दाबते, आणि लगेच वारा पाठीवर येऊन पंखांचा आधार तुटतो. ९ जुलै १९८२ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सजवळ पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान उड्डाणानंतर लगेचच अशा प्रवाहात सापडले. त्यातील सर्व १४५ जण आणि जमिनीवरील ८ जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांनंतर वाऱ्यातील हे आकस्मिक बदल टिपणारी यंत्रे विमानतळांवर आणि विमानांत आली, वैमानिकांच्या शिक्षणातही त्याचा समावेश झाला. तरीही ढग माथ्यावर असताना सर्वांत खात्रीचा उपाय एकच उरला आहे : थांबणे. वळीव बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो.

निर्णय म्हणजे केवळ निघण्याचे धाडस नव्हे. न निघण्याचे धैर्यही त्यातच येते. धावपट्टीच्या टोकाशी विमान खोळंबलेले दिसले, म्हणजे आत बसलेला वैमानिक शंभर जिवांचा हिशेब पुन्हा एकदा तपासत आहे, असे समजावे.