वृद्धाश्रमात जायचं ठरलं, तर आधी काय बघायचं?



गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला की सगळ्या बोलतात. वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आवाज खाली जातो. कोणी तरी म्हणतं, "आपल्यात असं नसतं." आणि बैठक संपल्यावर तीच बाई बाजूला घेऊन विचारते, "आमच्या पाड्यावर एक म्हातारी एकटी आहे, तिला कुठे ठेवता येईल का?"

ह्या "ठेवता येईल का" वर आधी थांबू. ज्वारी कणगीत ठेवतात, माणसाला विचारतात. ती म्हातारी साठ वर्षं स्वतःची चूल चालवून आलेली आहे. तिला जायचं आहे का, हे तिला एकटीला बसवून, मुलगा-सून समोर नसताना, तिच्याच बोलीत विचारायचं. भिलीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत, जिच्यात ती मनातलं बोलते तिच्यात. मराठीत विचारलं तर बऱ्याच आज्या नुसतं "हो" म्हणतात, कारण मराठीत त्यांना साहेबांशीच बोलायची सवय.

"आपल्यात असं नसतं" हेही आता अर्धंच खरं राहिलं आहे. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागातली घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. पूर्वी एक भाऊ गेला तर दुसरा गावात असायचा. आता दोघंही जातात, जोडीनं जातात, कारण कोयत्याला जोडीच लागते. लहान मुलं आश्रमशाळेत, मोठी मुलं तोडीवर, आणि घरी म्हातारं माणूस, दोन शेळ्या आणि हंडा. मुलं वाईट आहेत असं नाही, पोट बाहेर आहे. म्हणून कोणाला दोष न देता हा विषय समजून घेऊ.

"वृद्धाश्रम" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

पहिली गोष्ट म्हणजे विकत घ्यायचं किंवा भाड्यानं घ्यायचं घर. पुण्यात परांजपे यांची "अथश्री" संकुलं आहेत, तशी. साठीच्या पुढच्या लोकांनी तिथे स्वतःचा फ्लॅट घ्यायचा आणि जेवण, डॉक्टर, गप्पांना सोबत आवारातच मिळवायची. ज्यांना पेन्शन आहे, शहरातलं घर विकून पैसा उभा करता येतो, त्यांच्यासाठी ते चांगलं आहे. आपल्यातल्या फारच थोड्या जणींचा तो रस्ता आहे, म्हणून पुढे जाऊ. पण त्या घरांची एक गोष्ट आपल्या कामाची आहे, ती शेवटी सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे संस्थेचा किंवा सरकारी मदतीवर चालणारा वृद्धाश्रम. ही कल्पना काही नवी नाही. पुण्यातली "निवारा" ही संस्था इंग्रजांच्या काळात, 1860 च्या दशकात निराधारांसाठी सुरू झाली. महाराष्ट्र सरकारनं 1963 पासून संस्थांना वृद्धाश्रमासाठी अनुदान द्यायला सुरुवात केली आणि 1995 मध्ये "मातोश्री वृद्धाश्रम" योजना आणली. ह्या अनुदानित आश्रमांत पुरुषांना साठाव्या वर्षी आणि बायकांना पंचावन्नाव्या वर्षी प्रवेश मिळतो. पुढे 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान 150 जणांची सोय होईल असा आश्रम सरकारनं टप्प्याटप्प्यानं उभारावा, असं त्यात लिहिलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या धुळे, जळगावमधल्या अनुदानित आश्रमांची माहिती नंदुरबारच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण ह्यांच्या कार्यालयात मागा. तोंडी विचारून येऊ नका. गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे शुश्रूषा केंद्र. जे उठू शकत नाहीत, ज्यांना भरवावं लागतं, ज्यांचं अंथरुणातच सगळं होतं, किंवा ज्यांना विसरण्याचा आजार झाला आहे, त्यांना तिथे ठेवतात. आता नीट ऐका. बहुतेक साधे वृद्धाश्रम हिंडतं-फिरतं, स्वतःचं स्वतः करणारं माणूसच घेतात. घरचे मात्र म्हातारीला आश्रमाचं नाव काढतात ती पडल्यावर, मांडी मोडल्यावर, म्हणजे साधा आश्रम जेव्हा "नाही" म्हणतो नेमक्या त्याच वेळी. आणि जी आज चालती म्हणून आत गेली, ती चार वर्षांनी अंथरुणाला खिळली तर? कुठे आश्रमातच सांभाळतात, कुठे जास्त पैसे मागतात, कुठे नातेवाइकांना फोन करून "घेऊन जा" सांगतात. म्हणून प्रवेशाच्या दिवशी पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: ही पुढे उठू शकली नाही, तर तुम्ही काय करता? उत्तर लेखी घ्या.

बघायला जाताना दोन जणी जा, आणि त्या आजीला बरोबर न्या. आधी न सांगता, जेवणाच्या वेळी गेलात तर जास्त कळतं. ताटात काय आहे ते बघा. आपल्या आज्यांचा जन्म ज्वारी-मक्याच्या भाकरीवर गेला, रोज पोळी-भात मिळाला तर त्यांचं पोट आणि मन दोन्ही बसत नाही. तिच्या बोलीतलं एक तरी माणूस तिथे आहे का, ते बघा. हा आम्हाला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो, पण फॉर्मवर त्याला जागाच नसते. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलताच येत नसेल, तर चांगल्या इमारतीतसुद्धा माणूस मुकं होतं. संडास खाटेपासून किती पावलांवर आहे, रात्री तिथे दिवा असतो का, रात्री हाक मारली तर कोण उठतं, आजारी पडल्यावर कोणत्या दवाखान्यात नेतात आणि खर्च कोणाचा, हेही विचारा. तिला वाटलं तर सणाला, होळीला घरी येता येईल का? एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल इतकंच अंतर असावं. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे अडचण भाड्याची कमी, वेळेची जास्त.

कागद बहुतेक ठिकाणी सारखेच लागतात: आधार कार्ड, वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, संसर्गाचा आजार नाही असं डॉक्टरचं प्रमाणपत्र, आणि ज्यांना फोन करता येईल अशा माणसांची नावं. ह्या नावांत नुसता मुलगा लिहू नका. तो तोडीवर असेल, फोन लागणार नाही. गटातल्या एका बाईचा नंबर द्या.

पैशाबद्दल. देणगी म्हणून घेतलेली रक्कम परत मिळत नाही. अनामत म्हणून घेतलेली मिळू शकते. पावतीवर कोणता शब्द आहे ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातीकडून वाचून घ्या. औषधं, तेल-साबण, दवाखाना हे महिन्याच्या पैशात धरलेलं आहे की वेगळं, ते विचारा. श्रावणबाळ योजनेत पासष्टीच्या पुढच्या निराधार माणसाला सध्या महिन्याला 1500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं लागतं. ते पैसे तिच्या खात्यात येतात, तेव्हा पासबुक आणि एटीएम तिच्याकडेच राहिलं पाहिजे. आश्रमाच्या कपाटात नाही आणि नातवाच्या खिशातही नाही. दर वर्षीचा हयातीचा दाखला चुकला तर पैसे थांबतात, ते कोण करणार हेही आधीच ठरवा.

आता जमिनीचं, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच अडकलेली असते.

म्हातारीच्या नावावर दोन एकर असतात. मुलगा म्हणतो, "आई, नावावर करून दे, मी आहेच ना." आपल्या राज्यात शेतजमीन किंवा राहतं घर मुला-मुलीला, नातवाला बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्वस्त आहे, म्हणून घाईनं होतं. अंगठा लागतो, फेरफार होतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी आश्रमाची गोष्ट निघते. तेव्हा तिच्याकडे बोलायला काही उरलेलं नसतं.

2007 च्या कायद्याचं कलम 23 अशा वेळी उपयोगी पडतं. ज्येष्ठ माणसानं "मला सांभाळावं, माझ्या गरजा भागवाव्यात" ह्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं ते केलं नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. पण अट होती हे दिसलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये एका प्रकरणात सांगितलं की अशी अट नसेल तर हे कलम लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला मात्र तिची मालमत्ता परत मिळाली, कारण आईला सांभाळीन असं मुलानं लिहून दिलं होतं. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल, तर "माझं अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि राहणं मरेपर्यंत घेणाऱ्यानं बघायचं" ही ओळ त्याच कागदात घालायला सांगा. कागद लिहिणारा म्हणेल की घरातल्या घरात कशाला. तरी घालायला लावा.

आमचं मत विचाराल तर जिवंतपणी सगळं देऊन टाकू नये. आणि ज्या विधवा बहिणींचं नाव सातबाऱ्यावर लागलेलंच नाही, त्यांनी आधी वारस नोंद बघावी. हिंदू वारसा कायदा आदिवासींना थेट लागत नाही, रूढी चालते, आणि रूढीत बाईचं नाव मागे पडतं. नवरा गेल्यावर तलाठ्याकडे अर्ज लगेच द्यावा, दिवसकार्य उरकलं की पुढच्याच आठवड्यात.

जमीन असो-नसो, सांभाळ मागायचा हक्क आहेच. हा कायदा सगळ्या धर्मांना आणि जमातींना लागतो. साठीच्या पुढच्या ज्या माणसाला स्वतःच्या कमाईवर भागवता येत नाही, ते मुलाकडे, मुलीकडे, सज्ञान नातवंडांकडे निर्वाहाचे पैसे मागू शकतं. आईवडिलांना तर साठीची अटसुद्धा नाही. मूलबाळ नसेल तर ज्याला तिची मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडे मागता येतात. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. आजीला जाता येत नसेल तर तिनं सांगितलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीनं अर्ज करू शकते. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते, आणि नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. म्हाताऱ्या माणसाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूनं कुठे तरी टाकून जाणं हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आश्रमाच्या दारात सोडून खोटा नंबर देऊन जाणारे लोक असतात, त्यांना हे माहीत असावं.

आईला मुलाविरुद्ध अर्ज करायला लाज वाटते, हे आम्हाला कळतं. पण पुष्कळदा नोटीस निघाली की घरी बोलणं सुरू होतं. कायद्यातच आधी समजोता करून बघायची सोय आहे.

आता त्या विकतच्या घरांची गोष्ट. 2024 मध्ये महारेरानं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, ज्येष्ठांसाठी म्हणून विकायच्या घरांचे नियम ठरवले. दार निदान 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते. न्हाणीघरात धरायला दांडे. फरशी न घसरणारी. लाखो रुपयांच्या घरात जो आधार विकत देतात, त्यातला बराचसा हाच आहे. तो आपल्या घरात करायला लाख लागत नाहीत. मोरीजवळ भिंतीला लोखंडी पाइपचा तुकडा गावचा वेल्डर बसवून देतो. भिंत कुडाची असेल तर जमिनीत खांब पुरून त्याला दांडा बांधा. मोरीतला दगड शेवाळला असेल तर घासून त्यावर खरबरीत फरशी टाका. उंबऱ्याला दगड लावून उतार करा. खाट गुडघ्याच्या उंचीची हवी, फार खोल असली की उठताना तोल जातो. रात्रीसाठी सौर दिवा आणि उशाला घंटा किंवा थाळी. बरीच म्हातारी माणसं रात्री लघवीला उठतानाच पडतात, आणि पडल्यावरच घर सुटतं.

तोडीच्या पाच-सहा महिन्यांपुरता प्रश्न असेल तर गटानं आळीपाळीनं बघणं हाही मार्ग आहे. रोज एकीनं जायचं, भाकरी झाली का, पाणी आहे का, गोळी घेतली का, एवढं बघायचं. मुलाकडून महिन्याचे पैसे आधी ठरवून घ्या आणि वहीत लिहा, फुकट केलं की दोन महिन्यांत थांबतं. आशाताईला सांगून ठेवा. हे जमत असेल तर बऱ्याच आज्यांना गाव सोडावं लागणार नाही. पण ज्या आजीला घरात मार बसतो, उपाशी ठेवतात, तिला "गावातच राहा" असा आग्रह करू नका. तिच्यासाठी आश्रम म्हणजे सुटका असू शकते, आणि तिनं तसं म्हटलं तर तिला अडवायचा कोणालाही हक्क नाही.

वृद्धांसाठी देशभर एकच मोफत फोन नंबर आहे, 14567. सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो. आश्रमाची माहिती, कायद्याचा सल्ला, छळाची तक्रार, रस्त्यावर सापडलेलं बेवारस म्हातारं माणूस, ह्या सगळ्यांसाठी तो चालतो. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एक, चार, पाच, सहा, सात. धडगावकडे रेंज मिळत नाही, तिथल्या बहिणींनी बाजाराच्या दिवशी खाली आल्यावर लावावा.