रडू आलं, पण पटलं नाही

ॲनिमेच्या चाहत्यांमधला एक वाद कितीतरी वर्षांत मिटलेला नाही. एखादी मालिका ‘रुमाल घेऊन बसा’ अशा शिफारशीसह गाजते, लोक ती पाहून हमसून हमसून रडतात, आणि त्याच गर्दीतले काही जण हिरमुसून उठतात. आपल्याला रडू का आलं नाही, किंवा आलं तरी मनात काय खटकत राहिलं, हे ते सांगू लागले की ठरलेलं उत्तर मिळतं : तुमचं काळीजच दगडाचं. हे उत्तर मला कधीच मान्य झालं नाही. १९८८पासूनची गाजलेली रडवणारी ॲनिमे ओळीने पाहत आलं की नाराज प्रेक्षकांच्या तक्रारींत एक सूत्र दिसतं. दुःख कोणाचं, ते कशातून आलं आणि त्याची झळ शेवटपर्यंत कोणी सोसली, हे तीन प्रश्न त्यांनी लावून धरले. त्या प्रश्नांच्या अंगाने या साडेतीन दशकांकडे पाहायचं आहे. कथांचे शेवट सांगितल्याशिवाय ही चर्चा होऊ शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’पासून करावी लागते. १६ एप्रिल १९८८ रोजी स्टुडिओ घिब्लीचे दोन चित्रपट जपानमध्ये जोडीने लागले : हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि इसाओ ताकाहातांचा हा. अकियुकी नोसाका यांच्या १९६७च्या कथेवर तो बेतला होता. युद्धकाळात उपासमारीने गेलेल्या धाकट्या बहिणीची बोच नोसाकांनी त्या कथेत उतरवली होती. कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते, आणि १४ वर्षांचा सेईता ४ वर्षांच्या सेत्सुकोला सांभाळत राहतो. चित्रपट सुरू होतो तोच सान्नोमिया स्टेशनात खांबाला टेकून बसलेल्या सेईताच्या मृत्यूने. पुढे काय होणार ही उत्कंठा ताकाहातांनी तिथेच संपवली, म्हणजे शेवटी धक्का देऊन रडवायचा मार्ग स्वतःच बंद करून टाकला. प्रेक्षकाच्या हाती उरतं ते हे सगळं कसं घडत गेलं ते पाहणं.

तरीही या चित्रपटावर टीका झाली आणि आजही होते. नात्यातल्या बाईच्या घरातून हा मुलगा ताठ्यात बाहेर पडतो, त्यात बहिणीचा जीव जातो, मग त्याच्यासाठी आम्ही का रडायचं, असं विचारणारे आहेत. ताकाहाता मात्र वारंवार सांगत, की हा निव्वळ युद्धविरोधी चित्रपट समजू नका. समाजापासून तुटून दोघांपुरतंच जग उभारू पाहणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांना सांगायची होती. प्रेक्षकाला जे खटकतं ते चित्रपटाच्या पोटातच आहे. आईने बँकेत ठेवलेले पैसे काढायला सेईता जातो, तेव्हा जपान शरण गेल्याचं त्याला तिथे कळतं. त्या पैशांतून तो खायला आणतो, तोवर सेत्सुकोच्या अंगात घास गिळण्याचंही त्राण उरलेलं नसतं. पैसे आधी काढता आले असते, माघारी जाता आलं असतं, ही टोचणी चित्रपट झाकत नाही. म्हणूनच पुढच्या प्रत्येक रडवणाऱ्या ॲनिमेला त्याच्या शेजारी उभं करून पाहिलं जातं.

नव्वदचं दशक सरताना रडवण्याचं एक वेगळं तंत्र जपानमध्ये रुळलं, तेही संगणकावर. ‘की’ या ब्रँडच्या ‘कॅनॉन’ (१९९९), ‘एअर’ (२०००) आणि ‘क्लॅनाड’ (२००४) या व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं, संगीत आणि मजकूर यांतून उलगडणाऱ्या, मध्ये मध्ये पर्याय निवडायला लावणाऱ्या कथा. शाळेतली थट्टामस्करी, खाणंपिणं, रोजचं येणंजाणं यांत वाचकाला तासन्‌तास रमवायचं आणि मग सगळं हिरावून घ्यायचं, ही त्यांची रीत. लेखक आणि संगीतकार जुन माएदा यांचं नाव या रीतीशी कायमचं जोडलं गेलं. क्योतो ॲनिमेशनने २००५ ते २००९ या काळात या तिन्हींच्या मालिका केल्या आणि तिथे पहिली अडचण उभी राहिली. खेळात प्रत्येक मुलीची वाट स्वतंत्र असते, वाचक एका वेळी एकच निवडतो. मालिकेत मात्र त्या सगळ्या वाटा एकाच नायकाच्या काही महिन्यांत एकापाठोपाठ बसवाव्या लागतात. काही भाग एकीच्या दुःखाचे, पुढचे दुसरीच्या. दुःखाची पाळी लावल्यासारखं वाटतं, ही तक्रार रास्तच होती.

‘क्लॅनाड : आफ्टर स्टोरी’ (२००८-०९) या अडचणीतून बरीच सुटली, कारण ती शाळा मागे टाकून संसारात शिरली. नायक तोमोयाची बायको नागिसा बाळंतपणात जाते आणि तो पाच वर्षं मुलीकडे पाठ फिरवून जगतो. अठराव्या भागात तो लहानग्या उशिओला घेऊन प्रवासाला निघतो. वाटेत घेऊन दिलेला खेळण्यातला रोबो ती फुलांच्या माळावर हरवते आणि शोधतच राहते. दुसरा घेऊ, असं तो समजावतो, पण ती ऐकत नाही. बाबांनी स्वतः निवडून दिलेली ती पहिलीच वस्तू असते. रडायचं तर संडासात किंवा बाबांच्या कुशीत, असं आजीने तिला शिकवलेलं असतं. ते ऐकल्यावर आपण काय करून बसलो आहोत हे त्या बापाला कळतं. ॲनिमेतले बापलेकीचे इतके खरे प्रसंग मी फार थोडे पाहिले आहेत.

पुढे उशिओही आजारात जाते, आणि अखेरीस चमत्कार होऊन काळ मागे फिरतो. नागिसा वाचते, संसार नव्याने सुरू होतो. मालिकेची बाजू घेणारे म्हणतात, की या चमत्काराची तयारी पहिल्यापासून आहे : प्रकाशाचे ते गोळे, ते निर्जन जग. हे खरं आहे. पण तयारी दाखवली म्हणून हिशेब चुकता होत नाही. त्या माळावर बापाने जे कमावलं त्याची नव्या आयुष्यात गरजच पडत नाही, कारण तिथे त्याने मुलीला टाकलेलंच नसतं. नाराज प्रेक्षक हळहळतात ते यासाठी.

माएदांनी २०१०मध्ये पी. ए. वर्क्ससोबत ‘एंजल बीट्स!’ थेट दूरचित्रवाणीसाठी लिहिली. मेल्यानंतरची शाळा, पात्रांचा मोठा ताफा आणि भाग फक्त १३. तिसऱ्याच भागात गायिका इवासावा आपलं शेवटचं गाणं गाऊन नाहीशी होते. तिची नीट ओळख झाली न झाली तोच निरोप. शेवटी कळतं की नायक ओतोनाशीचं हृदय नायिका कानादेच्या छातीत धडधडत होतं आणि त्याचे आभार मानायला ती थांबली होती. कल्पना सुंदर आहे. पण ओतोनाशीच्या हृदयावर जगून मेलेली ती त्याच्या आधी तिथे कशी, या साध्या शंकेचं समाधान मालिका सरळ करत नाही. ‘शार्लट’ (२०१५) आणि ‘द डे आय बिकेम अ गॉड’ (२०२०) यांच्याही वाट्याला हीच टीका आली : विनोदात बराच वेळ घालवायचा आणि दुःख शेवटच्या काही भागांत कोंबायचं. रडण्याआधी ओळख लागते आणि ओळखीला वेळ लागतो, हे १२-१३ भागांच्या चौकटीने पुन्हा पुन्हा सिद्ध केलं.

एप्रिल २०११मध्ये ‘आनोहाना’ सुरू झाली. दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, लेखिका मारी ओकादा, गाव सैतामा प्रांतातलं चिचिबु. लहानपणी वारलेली मेन्मा मोठ्या झालेल्या जिंताला दिसू लागते आणि पांगलेले मित्र पुन्हा एकत्र येतात. ११ भागांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मेन्माच्या आईचा. घरी आलेल्या या मुलांवर ती भडकते, कारण ही सगळी वाढली आणि तिची लेक तेवढीच राहिली. मुलंही शेवटी कबूल करतात, की मेन्माची सुटका करण्यामागे प्रत्येकाचा स्वार्थ होता, कोणाचा मत्सर, कोणाचा अपराधभाव. इतकं धीट लिहून झाल्यावर अखेरचा प्रसंग येतो आणि पाचही जण एकदम, मोठमोठ्याने, बराच वेळ रडत राहतात. जिंताला रडवायचं, हेच मेन्माने त्याच्या आईला दिलेलं वचन होतं, त्यामुळे ते रडणं कथेत बसतं. तरीही अनेकांचे डोळे नेमके तिथेच कोरडे झाले.

याचं कारण आपल्या काव्यशास्त्रात सापडतं. भरताच्या परंपरेत अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक, म्हणजे आतल्या भावाची बाहेर दिसणारी खूण. रस निर्माण व्हायचा तर त्यामागे विभाव, म्हणजे कारण आणि परिस्थिती, भक्कम लागतो. पात्रांनीच सगळं रडून घेतलं की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. १९९१च्या ‘माहेरची साडी’ने महाराष्ट्रातली थिएटरं रडवली, आणि तिच्याबद्दल नाक मुरडणारेही तेव्हा होतेच. त्या वादातही प्रश्न हाच होता.

ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात आलेली ‘युअर लाय इन एप्रिल’ नाओशी आराकावा यांच्या मांगावर बेतलेली होती. २२ भाग, शोपँ आणि बेटहोव्हेनचं संगीत, रंगांची उधळण. पियानो सोडून दिलेल्या कोसेईला व्हायोलिनवादक काओरी पुन्हा वाद्याकडे आणते आणि मरते. इथल्या तक्रारी दोन. पहिली कोसेईच्या आईबद्दल. ती त्याला छडीने मारत असे. नंतर तिची माया आणि तिची काळजी दाखवून मालिका त्या माराला जवळजवळ माफ करून टाकते. आईचं प्रेम खरं असेल, पण म्हणून वळ खोटे ठरत नाहीत. दुसरी तक्रार काओरीबद्दल, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. तिच्या मृत्यूनंतर कोसेईच्या हाती तिचं पत्र पडतं. त्यात पहिल्यांदा कळतं, की लहानपणी त्याचं वादन ऐकून तिने पियानो सोडून व्हायोलिन धरलं, आणि फार दिवस उरले नाहीत हे कळल्यावर आजवर भीतीने न केलेल्या गोष्टी करायला ती धावत सुटली. भित्री, हावरी, हिशेबी, धडपडी अशी खरी काओरी त्या पत्रात भेटते. २२ भाग आपण जिला पाहिलं ती कोसेईला दिसलेली काओरी होती. मुलगी हाडामांसाची झाली ती मेल्यावर. आजारी मुलगी मुलाच्या आयुष्याला वळण लावण्यापुरती येते, हा आक्षेप जपानी कथांवर वारंवार घेतला गेला आहे, आणि इथे तो चपखल बसतो.

२०१६च्या ‘अ सायलेंट व्हॉइस’ने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने समोर आणला. योशितोकी ओइमा यांची मूळ कथा बहिऱ्या मुलीच्या शाळेतल्या छळाची. विषय नाजूक म्हणून ती छापण्याआधी जपानच्या कर्णबधिर महासंघाचं मत घेतलं गेलं आणि त्यांनी ती आहे तशी छापायला पाठिंबा दिला. नाओको यामादांचा चित्रपट देखणा आणि संयत आहे. तरी छळ करणाऱ्या शोयाच्या पश्चात्तापात शोको मागे पडते, असं अनेकांना वाटलं. मांगाच्या ७ खंडांत शोकोच्या कानांनी जग ऐकवणारं एक अख्खं प्रकरण आहे, त्यात संवादांतली अक्षरं अर्धवट पुसलेली दिसतात. सव्वादोन तासांच्या चित्रपटात तेवढा अवकाश तिला मिळाला नाही. जिने सोसलं तिच्या बाजूने गोष्ट ऐकायची होती, ही तक्रार मला न्याय्य वाटते.

मग ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ (२०१८). दहाव्या भागात मरणपंथाला लागलेली आई लहान मुलीसाठी पुढच्या ५० वाढदिवसांची पत्रं लिहून घेते. ती लिहून देणारी व्हायोलेट मुलीसमोर रडत नाही, काम संपवून कचेरीत परतल्यावर तिचा बांध फुटतो. इथे अश्रू कमावलेले आहेत. मात्र या मालिकेचा गाभा होता गेलेल्या माणसावाचून जगायला शिकणं, आणि २०२०च्या चित्रपटात तोच माणूस, मेजर गिल्बर्ट, जिवंत सापडतो. ज्याने तिला बालपणी सैनिक म्हणून वापरलं त्याच्याशीच तिचं मीलन व्हावं, हे काहींच्या पचनी पडलं नाही. दुसरीकडे, १८ जुलै २०१९ रोजी क्योतो ॲनिमेशनवर झालेल्या जाळपोळीत ३६ जणांचा जीव गेला होता. त्यानंतर पूर्ण झालेल्या या चित्रपटात कोणीतरी परत यावं, असं कित्येकांना मनापासून वाटलं. मी दोघांचंही समजू शकतो. कथेचा न्याय मात्र मला पहिल्यांच्या बाजूला दिसतो.

भारतात हे वाद उशिरा पोहोचले. २०१९मध्ये चाहत्यांच्या ऑनलाइन मागणीनंतर ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या थिएटरांत लागला, २०२३मध्ये ‘सुझुमे’ आला. आता मराठी तरुणही मालिका संपताच हेच मुद्दे हिरिरीने मांडताना दिसतात, आणि ते ऐकताना मला आनंद होतो.

सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळातल्या ‘फ्रीरेन’चा पहिला भाग तर या सगळ्या तक्रारी ऐकून लिहिल्यासारखा वाटतो. दहा वर्षं सोबत हिंडलेल्या हिम्मेलच्या अंत्यविधीला दीर्घायुषी फ्रीरेन कोरडी उभी असते, लोक कुजबुजतात. मग तिला कळतं, की या माणसाला जाणून घ्यायचा आपण कधी प्रयत्नच केला नाही, आणि तेव्हा ती रडते. पुढची मालिका म्हणजे ती ओळख करून घेणं. हिम्मेल परत येत नाही, आणि त्याचं आयुष्य कोणाला वळण लावण्यापुरतं उरत नाही.

आज नव्या प्रेक्षकाने यातलं काय पाहावं, असं मला विचारलं, तर मी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ आणि ‘फ्रीरेन’ आधी सांगेन, ‘क्लॅनाड’चा तो अठरावा भाग मुद्दाम पाहायला लावेन, आणि ‘युअर लाय इन एप्रिल’ पाहिल्यावर काओरीचं पत्र पुन्हा वाच म्हणेन. रडू आलं तर मोकळेपणाने रडावं. नाही आलं तर संकोच न करता का नाही आलं ते सांगावं. ‘आनोहाना’तली ती आई, काओरी, शोको यांच्याकडे लक्ष वेधलं ते अशाच न रडलेल्या प्रेक्षकांनी.