वाट विचारण्याचे दिवस

१९९८ च्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला निघालो तेव्हा घरी एवढंच सांगितलं होतं, की रविवारी रात्री येतो. शेवटची एसटी चुकली तर सोमवारी सकाळी. आई 'बरं' म्हणाली आणि डब्यात दोन दशम्या जास्त घातल्या. रविवारची रात्र उलटेपर्यंत तिच्या काळजीला काही कारणच नव्हतं. आज माझी मुलगी ट्रेकला जाते आणि दुपारी बारापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणा निळ्या झाल्या नाहीत, तर डोंगरात पंचवीस वर्षं काढलेला मी घरात येरझाऱ्या घालायला लागतो.

तेव्हा फोन घरी ठेवायचा की न्यायचा, हा प्रश्नच नव्हता. देशात मोबाईल १९९५ मध्ये आला होता, पण येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. आमच्यातल्या कुणाला ते झेपणार? पाठीवर सॅक, तीन सेलची बॅटरी, छत्तीस फोटोंचा रोल घातलेला उसना कॅमेरा आणि कुणीतरी कुठूनतरी पैदा केलेल्या नकाशाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे उत्तम, पण किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातले सामान्य माणसाला सहजी मिळत नसत. आमच्या कागदावर समोच्च रेषा इतक्या पुसट होत्या, की कोकणकडा आणि चहाचा डाग यांत फरक करावा लागे.

त्यामुळे नकाशा फार तर पायथ्याच्या गावापर्यंत उपयोगी. खुबी फाट्याला एसटीतून उतरून खिरेश्वरात पोचलो, की पुढे विचारायचं. विचारणं हा एक विधीच होता. अंगणात थांबायचं, पाणी मागायचं, 'कुठनं आलात' याचं उत्तर द्यायचं, मग वाटेचा विषय काढायचा. म्हातारा हाताने हवेत अख्खा डोंगर काढून दाखवी. टोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ लागेल, तिथून डावीकडे कातळावर चढा, ढोरवाटांच्या नादी लागू नका. आमच्या चेहऱ्यावरून आम्हाला काही कळलेलं नाही हे त्याला कळे, आणि तो नातवाला बरोबर धाडी. परतताना त्याच घरी भाकरी आणि ठेचा. पैसे किती द्यायचे यावरून दोन्हीकडून संकोच.

या काळाबद्दल हळवं व्हायचं नाही असं ठरवलं आहे. आम्ही वाट चुकायचो, आणि चांगलेच चुकायचो. रतनगडावर आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला, तेव्हा त्याला आळीपाळीने पाठीवर घेत रतनवाडीपर्यंत उतरवण्यात अख्खा दिवस गेला आणि डॉक्टर गाठायला दुसरा. त्या रात्री कुणी मोबाईल दाखवला असता, तर मी त्याला ओवाळलं असतं.

२००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, आणि त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. त्याच्या डोक्यावर टॉर्च होता. आमच्या सॅकमध्ये फोन शिरला तो या टॉर्चच्या निमित्ताने. गुहेतून सकाळी बाहेर जायच्या वेळी तोच कामाला यायचा, बोलण्यासाठी क्वचितच. रेंजचाही उलटा कारभार होता. पायथ्याच्या गावात, डोंगराच्या घडीत, काही नाही; वर कड्याच्या टोकाला जावं तर खाली लांबवर पसरलेल्या कोकणातला कुठला तरी टॉवर सरळ समोर. म्हणून बालेकिल्ल्यावर 'पोचलो' म्हणून सांगायची एक ठरलेली जागा असे आणि तिथे रांग लागे. बाकी दिवसभर फोन बंद. चार्जिंग पुरवायचं म्हणून, तत्त्व म्हणून नव्हे.

खरा बदल २०१६ नंतरचा. जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला, आणि दोनतीन वर्षांत डोंगरातली वाट खिशात आली. आधी कुणीतरी चालून नोंदवलेली जीपीएसची रेघ उतरवून घ्यायची आणि आपला निळा ठिपका त्या रेघेवर ठेवत चालायचं. याला टॉवर लागत नाही, उपग्रहांचे संकेत फोन नुसते ऐकत असतो. म्हणून विमानातला मोड लावून ठेवला तरी ठिपका चालत राहतो. उलट रेंज शोधत बसलेला फोनच बॅटरी खातो. हे कळलं तेव्हा आम्हाला ब्रह्मज्ञान झाल्यासारखं वाटलं होतं.

मग भोरांड्याची नाळ. नाणेघाटाजवळची ही वाट उतरायला ऑक्टोबरात गेलो. रेघ कुणा अनोळखी माणसाने नोंदवलेली, बहुधा उन्हाळ्यातली. आमच्या पुढ्यात पुरुषभर उंचीचं गवत. ठिपका रेघेवर होता, आम्हीही होतो, आणि दहा पावलांवर गवत संपून एकदम आकाश सुरू झालं. अरुंद घळीत, उंच भिंतींच्या कुशीत, फोनला आभाळ कमी दिसतं. संकेत कातळावर आपटून येतात आणि ठिपका वीस-तीस मीटर इकडेतिकडे सरकतो. पुण्याच्या रस्त्यावर तेवढ्याने फार तर चुकीच्या दुकानासमोर उभे राहाल. सह्याद्रीत तेवढ्यात कडा मधे येतो.

मागे वळलो तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आमच्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "कुनी दाखवली ही वाट?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणीच दाखवली नव्हती. वरच्या वाडीतून आम्ही सकाळी गेलो होतो, चार घरांसमोरून, फोनकडे बघत. एकाही दारात थांबलो नव्हतो. फोनने डोंगरातली शांतता हिरावली, असं पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मोठ्याने बोलणारे ट्रेकर १९९८ मध्येही होते. माझ्याकडून गेलं ते हे अंगणात थांबणं.

त्याच सुमारास गर्दीही आली. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या लाखो पडद्यांवर झळकल्या आणि त्यांच्यावर मुंगीला जागा उरेना. २०२४ च्या जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळली. तिला वर काढायला उतरले ते स्थानिक बचाव पथकातले ट्रेकरच, आणि त्यांना बोलावलं गेलं तेही फोनवरूनच. यातून सोपा निष्कर्ष काढणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

'फोन नको, उपग्रहावरून संदेश धाडणारं यंत्र ठेवा' हा परदेशी ट्रेकरांचा सल्ला आपल्याकडे चालत नाही. परवानगीशिवाय ते बाळगणं इथे गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्यात विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी ताब्यात घेतलं गेलं. तेव्हा साधा फोनच. आमच्या गटात आता सहा जणांत एक नेतो, बंद करून, औषधांच्या पिशवीत. कॉल लागत नाही तिथेही कधी कधी साधा एसएमएस निसटतो, एवढं मुलीलाही शिकवून ठेवलं आहे. बाकीचे पाच फोन पायथ्याच्या गावात. पहिले दोन तास हात उगाच खिशाकडे जातो. नंतर जात नाही, पण किती वाजले हे कुणालाच सांगता येत नाही आणि त्यावरून भांडणं होतात.

गेल्या डिसेंबरात पुन्हा खिरेश्वर. जेवण आदल्या दिवशी फोन करूनच सांगितलं होतं. गावात आता राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं आहेत, आणि फोन नसता तर त्यांचा हा धंदा उभा राहिला नसता. भाकरीचे पैसे आता ठरलेले, संकोच संपला. वाट आम्हाला पाठ होती. तरी विचारली.

म्हातारबाबांनी हवेत डोंगर काढून दाखवायला सुरुवात केली, मधेच थांबले, वहाणा घातल्या आणि 'चला' म्हणाले. चढभर त्यांच्या विकलेल्या बैलाची गोष्ट चालली होती. टोलार खिंडीतल्या वाघापाशी आम्ही टेकलो. बाबांनी बंडीच्या खिशातून मोबाईल काढला, हात लांब करून आम्हा सगळ्यांना चौकटीत घेतलं आणि भोसरीतल्या नातवाला फोटो धाडून दिला. तिथे त्यांच्या फोनला दोन कांड्या रेंज होती.