सांडपाण्याची नाडी कोण पाहणार?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मोहोळ तालुक्यातल्या एका गावातून एकाच घरातले तिघे जण माझ्या दवाखान्यात आले. तिघांचेही डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना गेलेली. सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमचं पाणी काचेवानी स्वच्छ दिसतंय. मग हे आलं कुठनं?"

तिघांपैकी एक सून होती आणि तिला सातवा महिना होता. मला खरी काळजी तिची वाटली. तिला त्याच दिवशी सोलापूरला मोठ्या रुग्णालयात पाठविले. पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. आजींचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

काचेसारख्या पाण्यातला विषाणू

दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा 'हिपॅटायटिस ए' किंवा 'हिपॅटायटिस ई' या विषाणूंमुळे होते. हे विषाणू रुग्णाच्या शौचातून बाहेर पडतात आणि सांडपाण्याबरोबर नदी, ओढा, विहीर गाठतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याला वास येत नाही. 'ई' प्रकारात पाणी प्यायल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. तोवर आपण ते पाणी कुठे प्यायलो हे विसरूनही गेलेलो असतो. बहुतेक रुग्ण विश्रांतीने बरे होतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हाच आजार झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात.

१९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे सांडपाणी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या उपशापर्यंत पोचले आणि सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरिनचे प्रमाण वाढविले होते. त्यामुळे विषमज्वर व हगवण वाढली नाही, कावीळ मात्र पसरलीच. आपल्याकडे २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. पिण्याचे पाणी शुद्ध करणे आवश्यकच आहे, पण सगळा भरवसा त्यावर टाकून चालत नाही, हा यातला धडा. घाण नदीत जाण्याआधीच तिला आवरले पाहिजे.

वरचे आणि खालचे

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांतून भीमेत येते आणि उजनीच्या जलाशयात साठते. तेच पाणी पुढे आपल्या जिल्ह्याच्या कामी येते. पुण्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण लांबोटीच्या पुलाखालून वाहणारी आपली सीनाही पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. आपण कोणाच्या तरी खाली राहतो, तसे कोणीतरी आपल्याही खाली राहते. म्हणून सांडपाण्याचे शुद्धीकरण हा शेजारधर्मच आहे.

विरजणाचा हौद

सांडपाणी शुद्ध करणारे मुख्य कामगार म्हणजे जिवाणू. १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात आर्डर्न आणि लॉकेट या दोघा संशोधकांनी एक पद्धत जगापुढे मांडली. सांडपाण्यात हवा सोडत राहिले की त्यातली घाण खाऊन जिवाणू वाढतात. हवा थांबवली की त्यांचे पुंजके तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी राहते. तळाचा गाळ फेकून न देता त्यातला काही भाग पुढच्या सांडपाण्यात मिसळला की काम झपाट्याने होते.

आपल्या गृहिणींना हे नवे वाटणार नाही. कालच्या दह्यातले चमचाभर विरजण आजच्या दुधाला लावतात, तसाच हा प्रकार. विरजण चांगले तर दही चांगले. आणि विरजणासारखेच हे जिवाणूही लहरी असतात. त्यांना अन्न हवे, पण एकदम फार नको. प्राणवायू हवा, तोही सतत. काही तास हवा बंद पडली की ते मरगळतात, हौदाला कुजका वास येतो आणि गाळ बसण्याऐवजी पाण्याबरोबर वाहून जातो.

या नितळ पाण्याला शेवटी क्लोरिनसारखा जंतुनाशक उपाय करावा लागतो. पाण्यात घाण शिल्लक असेल तर क्लोरिन त्या घाणीवरच खर्च होतो आणि विषाणू वाचतात. म्हणजे जिवाणूंनी आपले काम नीट केले, तरच पुढचे औषध लागू पडते.

तीन दिवसांनी येणारा रिपोर्ट

सांडपाणी दिवसभर सारखे येत नाही. सकाळी सात ते नऊ लोंढा येतो, दुपारी ओसरतो. लग्नसराईत वाढते, मोठ्या पावसात गटारातून पावसाचे पाणी शिरते. आषाढीला पंढरपुरात काही दिवसांत लाखो माणसे येतात, तेव्हा काय होत असेल याची कल्पना करा. त्यातच वीज जाते.

पाण्यातली घाण मोजण्याची प्रमुख चाचणी म्हणजे बी.ओ.डी. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, हे त्यात पाहतात. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. आज बिघाड झाला तर तो कागदावर तीन दिवसांनी दिसणार, आणि तोवर ते पाणी नदीने कितीतरी गावे ओलांडून जाणार. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची नाडी तीन दिवसांनी पाहण्यासारखेच हे झाले.

हौदाचा मॉनिटर

यावर उपाय म्हणून हौदात सतत मोजणारी उपकरणे बसवितात. प्राणवायू मोजणारी दांडी पाण्यात बुडवून ठेवलेली असते. ती दर क्षणाला आकडा कळविते. लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम प्राणवायू असला की जिवाणू खूश असतात. आकडा खाली गेला की नियंत्रक यंत्र हवेचा पंखा, म्हणजे ब्लोअर, जोरात फिरविते. वर गेला की हळू करते. आपल्या घरच्या टाकीतला बॉलकॉक पाणी भरले की नळ आपोआप बंद करतो. तत्त्व तेच, फक्त येथे पाण्याऐवजी हवेचा हिशेब आहे. अशा केंद्रात विजेचा निम्म्याहून अधिक खर्च हवा सोडण्यावरच होतो. म्हणून जिवाणूंची सोय आणि नगरपालिकेच्या बिलाची बचत दोन्ही एकदम साधतात. नवी मुंबईत नेरूळ, वाशी येथील केंद्रांत एकाच हौदात हवा देणे, निवळू देणे आणि पाणी काढून घेणे हे टप्पे ठरलेल्या वेळेनुसार संगणक चालवितो.

पुण्यासाठी २०१६ साली जपानच्या कर्जसाह्याने जो मुळा-मुठा प्रकल्प मंजूर झाला, त्यात ११ नवी केंद्रे, त्यांची रोजची ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमता आणि सर्व केंद्रांवर एका जागेवरून देखरेख ठेवणारी यंत्रणा यांचा समावेश होता. उजनीचे पाणी वापरणाऱ्या आपल्याला त्या देखरेखीशी थेट कर्तव्य आहे.

संगणकातली रंगीत तालीम

मोजण्याच्या पुढची पायरी म्हणजे केंद्राची संगणकात केलेली नक्कल. नदीत घाण पडल्यावर प्राणवायू किती कमी होतो आणि पुढे किती अंतरावर भरून निघतो, याचे गणित अमेरिकेत स्ट्रीटर व फेल्प्स यांनी ओहायो नदीसाठी १९२५ सालीच मांडले होते. हौदातल्या जिवाणूंचे तसे सविस्तर गणित एका आंतरराष्ट्रीय गटाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात पाण्यातले १३ घटक आणि ८ क्रिया धरल्या आहेत. अन्न किती आले, जिवाणू किती वाढले, किती मेले, प्राणवायू किती लागला, याची ती जमाखर्चाची वहीच म्हणा. संगणक ही वही काही मिनिटांत वर्षभरासाठी लिहून काढतो.

मग त्याला विचारता येते: यात्रेत सांडपाणी दुप्पट झाले तर? दोनपैकी एक ब्लोअर जळाला तर किती तास हातात आहेत? अजून एक हौद बांधायचा की आहे तोच नीट चालविला तर भागेल? चुकीचे उत्तर निघाले तरी संगणकात कोणाला कावीळ होत नाही. हाच प्रयोग प्रत्यक्ष नदीवर केला तर त्याचे मोल गावाला द्यावे लागते. अर्थात, त्या वहीत आपल्याच गावाच्या पाण्याचे मोजलेले आकडे भरले पाहिजेत. दुसऱ्या शहराचे आकडे भरणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे.

शेवाळलेली दांडी

यंत्र आले म्हणजे सगळे झाले असे मात्र समजू नये. काही वर्षांपूर्वी मी एका शहरातले केंद्र पाहावयास गेलो होतो. पडद्यावर प्राणवायूचा आकडा उत्तम दिसत होता, पण हौदाला कुजका वास येत होता. तेथल्या चालकाने दांडी वर ओढून दाखविली. तिच्यावर बोटभर जाडीचा गाळ चढला होता. "साहेब, ही पुसायला माणूसच नाही," तो म्हणाला. त्याने ती धुऊन पुन्हा बुडविली, तेव्हा आकडा जवळजवळ शून्यावर आला. थर्मामीटर काखेऐवजी शर्टाच्या खिशात ठेवून ताप नाही म्हणण्यातला हा प्रकार होता.

म्हणून आपल्यासारख्या लहान गावांनी झेपेल तेच उचलावे. जागा असेल तेथे साधी स्थिरीकरण तळीही चांगले काम देतात. त्यांना पंखा लागत नाही. पण यंत्राचे केंद्र उभारणार असाल तर नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. वीज गेल्यावर ब्लोअर कशावर चालणार? मोजणारी उपकरणे कोण, किती दिवसांनी स्वच्छ करणार? आणि रोजचे आकडे लोकांना कुठे पाहावयास मिळणार? चालकाला एक लिटरचे काचेचे नळकांडे द्यावे. हौदातले पाणी त्यात अर्धा तास ठेवून गाळ किती बसला हे पाहिले, तरी हौदाची तब्येत बरीच कळते. संगणक खरे सांगतो की नाही, याची ती स्वस्त तपासणी आहे.

घरी काय करावे?

नदीचे काम होईल तेव्हा होईल, आपल्या माठाचे आजच करावे. साथीच्या दिवसांत आणि पूर ओसरल्यावर पिण्याचे पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने जे रूप दाखविले ते आपण विसरलेलो नाही. बुडालेल्या विहिरीचे पाणी शुद्धीकरणाशिवाय वापरू नये. गावाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते का आणि ओटी चाचणीत पिवळा रंग येतो का, हे ग्रामपंचायतीत विचारावे. शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. कावीळ दिसताच गळ्यात माळ घालून किंवा नाकात रस टाकून वाट पाहू नये. गरोदर स्त्रीला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

त्या आजी परवा नातवाला डोस द्यायला घेऊन आल्या होत्या. मी त्यांना सांगितले, "आजी, पाणी डोळ्यांनी पारखता येत नाही, ते मोजावे लागते." आजी म्हणाल्या, "मग मोजणारा माणूस तरी धड ठेवा म्हणावं." याहून नेमके मला सांगता आले नसते.