खुर्चीचा रंग आणि पाण्याचे प्रमाण

आपल्या सिनेगॉगमधील एलियाहू हन्नाबीच्या खुर्चीला नवा रंग कसा दिला, ते चार शब्दांत सांगावे, असा कमिटीचा आग्रह आहे. त्यात माझे शहाणपण थोडे आणि चुका अधिक आहेत.

खुर्चीच्या पाठीवर बारीक वेलबुट्टी कोरलेली आहे. वर्षानुवर्षे ब्रशने दिलेल्या रंगांनी पाकळ्यांमधल्या खाचा बुजत चालल्या होत्या. म्हणून जुने थर घासून काढले आणि एअरब्रश वापरण्याचे ठरविले. फर्निचरचा पाण्याचा ॲक्रिलिक रंग मात्र ब्रशासाठीच दाट केलेला असतो, आणि एअरब्रशच्या नोझलचे छिद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, पुष्कळदा त्याहूनही लहान.

पहिल्या दिवशी मी रंगाइतकेच पाणी ओतले. फवारा सुरेख सुटला. पण रंग लाकडावर ठरेना. ओघळ खाचांत साचले आणि दुसऱ्या दिवशी नखाने पापुद्रे निघाले. रंगाचे कण एकमेकांना व लाकडाला धरून ठेवणारे ॲक्रिलिक फार पाण्याने विरळ होते. मग उरतो केवळ रंगीत चिखल. शब्बाथला आठव्या दिवसाची सुंता होती आणि उजाडला होता मंगळवार!

पुन्हा सारे घासले. या खेपेस रंग प्रथम जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळला, कारण बारीक गुठळीनेही नोझल तुंबते. दहा भाग रंगात एक भाग पाणी थेंबाथेंबाने घालून ढवळले. पुढचा पातळपणा पाण्याने न आणता ॲक्रिलिकच्या एअरब्रश मीडियमने आणला. त्यात तोच धरून ठेवणारा अंश असतो. प्रमाण अखेर डोळ्यांनीच ठरते. भांड्याच्या कडेवर चढविलेला रंग दुधासारखा उतरावा आणि मागे पातळ पडदा राहावा. दाब 25 पीएसआयच्या आसपास ठेवून आधी पुठ्ठ्यावर फवारावे. खरबरीत ठिपके उडाले तर रंग बहुधा दाट आहे; कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर फार पातळ. कोणी स्पिरिट घालण्यास सुचवील. माझ्या रंगाचे त्याने दही झाले.

बेर-शेवाच्या कोरड्या उन्हाळ्यात रंग सुईच्या टोकावरच वाळतो. त्यासाठी रिटार्डरचे दोन थेंब घातले आणि टोक ओल्या ब्रशने पुसत राहिलो. पाण्याचा रंग आहे म्हणून मास्क टाळू नये. फवाऱ्याचे कण छातीत जातात.

तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन. शुक्रवारी दुपारी एअरब्रश धुऊन ठेवला. शब्बाथला बाळ खुर्चीवर ठेवण्यापूर्वी आम्ही तिच्यावर चादर अंथरली, कारण ॲक्रिलिक हाताला कोरडे लागले तरी पुरते कडक होण्यास काही आठवडे जातात. पाठ मात्र उघडीच ठेवली.